कोल्हापुरात डेटा सेंटर उभारताना भूगर्भातील उष्णता आणि ऊर्जासाठवण यांचा हिशेब कसा मांडावा

कोल्हापूर जिल्ह्यातील सहकारी बँका, दूध संघ, साखर कारखाने, महाविद्यालये आणि रुग्णालये यांपैकी अनेकांकडे आज स्वतःची सर्व्हर खोली असते. दोन-चार संस्थांनी मिळून एक नीटनेटके छोटे डेटा सेंटर उभारावे, असा विचार पुढे आला की विजेचा प्रश्न लगेच समोर येतो. त्याच वेळी अमेरिकेतील डेटा सेंटरांना जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज मिळू लागल्याच्या बातम्या वाचनात येतात आणि ‘आपल्याकडे हे का नको?’ असे कोणीतरी बैठकीत विचारते. हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर उत्साहाने न देता आकड्यांनी द्यावे लागते. पुढील मार्गदर्शन अशा प्रकल्पाची जबाबदारी असलेल्या अभियंत्यांसाठी आणि व्यवस्थापकांसाठी आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो: कोल्हापूरच्या जमिनीत खोल भोक पाडून वीज काढण्याचा बेत आज करू नये; साठवणीची रचना मात्र अशी करावी की उद्या अशी वीज जाळ्यातून मिळू लागल्यास ती काहीही न तोडता सामावून घेता येईल.

आधी भाराची वही

कोणत्याही तंत्रज्ञानाचे नाव घेण्यापूर्वी चोवीस तासांचा भार लिहून काढावा. उदाहरणासाठी २०० किलोवॉट सर्व्हरभार घेऊ. शीतकरण, यूपीएसमधील गळती आणि दिवाबत्ती धरून एकूण मागणी त्याच्या दीडपट, म्हणजे ३०० किलोवॉट धरली, तर दिवसाला ७,२०० युनिट आणि वर्षाला सुमारे २६ लाख २८ हजार युनिट लागतात. डेटा सेंटरचा भार कारखान्यासारखा पाळीनुसार चढत-उतरत नाही. मध्यरात्रीही तो जवळजवळ तेवढाच राहतो.

या वहीत तीन रकाने अवश्य असावेत: एक क्षणही बंद पडता न येणारा भार, पंधरा मिनिटे थांबू शकणारा भार, आणि पुढे ढकलता येणारा भार. बँकेचे व्यवहार पहिल्या रकान्यात येतात. रात्रीचे बॅकअप, जुन्या नोंदींची प्रक्रिया किंवा संशोधनासाठीची गणिते तिसऱ्या रकान्यात जातात. हे वर्गीकरण प्रामाणिकपणे झाले तर साठवणीचा खर्च बराच उतरतो. अनुभव असा की प्रत्येक विभाग आपलेच काम पहिल्या रकान्यात घालू पाहतो, म्हणून हे काम अभियंत्यावर एकट्यावर न सोपवता संस्थेच्या प्रमुखांनी समोर बसून करून घ्यावे.

जमिनीखाली खरोखर काय आहे

नव्या पिढीची भूऔष्णिक वीज म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करून घेऊ. पारंपरिक भूऔष्णिक केंद्राला उष्णता, पाणी आणि पाणी वाहू देणाऱ्या भेगा या तिन्ही गोष्टी एकाच जागी नैसर्गिकरीत्या लागतात. नव्या पद्धतींत फक्त उष्णता निसर्गाची असते. एका प्रकारात तापलेल्या कठीण खडकात दाबाखाली पाणी सोडून भेगा उघडल्या जातात, एका विहिरीतून पाणी आत आणि दुसरीतून तापून बाहेर, असे चक्र चालते. दुसऱ्या प्रकारात खडकाला भेगा न पाडता खोलवर बंद वेटोळे खोदले जाते आणि त्यात द्रव फिरवला जातो. पहिल्या प्रकाराचे गाजलेले उदाहरण फर्वो एनर्जी या कंपनीचे आहे. नेवाडातील तिच्या प्रकल्पात २०२३ मध्ये तीस दिवसांची चाचणी झाली. सेकंदाला ६३ लिटर प्रवाह आणि ३.५ मेगावॉट वीज एवढी कामगिरी नोंदवली गेली, आणि गूगलच्या तेथील डेटा सेंटरांना पुरवठा करणाऱ्या जाळ्याला तो जोडला गेला. उताह राज्यातील केप स्टेशन हा तिचा पुढचा प्रकल्प ५०० मेगावॉटपर्यंत नेण्याची योजना आहे. बंद वेटोळ्याचा प्रयोग एव्होर या कंपनीने जर्मनीत बव्हेरियातील गेरेट्सरीड येथे केला आहे.

आता या बातम्यांतील एक आकडा नीट पाहावा. नेवाडातील त्या विहिरींत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवरच तापमान १९० अंश सेल्सिअसच्या आसपास होते. आपल्या भागात असे आहे का? याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने ३ किलोमीटर खोल विंधनविहीर खोदली असून या कामाची प्रयोगशाळा कराडला आहे. तेथे साधारण एक किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण संपतो आणि खाली ग्रॅनाइट व नाइस जातीचा अतिप्राचीन खडक लागतो. या खडकात खोलीबरोबर तापमान सावकाश वाढते. ६ किलोमीटरवर ते १३० ते १५० अंशांच्या दरम्यान असेल, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे नेवाडात २.३ किलोमीटरवर जे तापमान मिळते, त्याच्या पुष्कळ अलीकडेच आपण अडीचपट खोल जाऊनही थांबतो.

‘सगळा दख्खन लाव्हाचा आहे, तेव्हा खाली उष्णता असणारच’ असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या भरवशावर वीज काढणे म्हणजे केव्हाच विझलेल्या चुलीवर भाकरी टाकणे होय.

खोली आणि तापमान यांचा आपल्या ३०० किलोवॉटशी असा संबंध लागतो. पाणी १५० अंशांवर मिळाले आणि ७० अंशांपर्यंत थंड केले, तर दर किलोमागे सुमारे ३३६ किलोज्यूल उष्णता मिळते. या तापमानाला निव्वळ वीज त्यातील दहा टक्क्यांच्या आसपासच होते, म्हणजे ३०० किलोवॉटसाठी ३,००० किलोवॉट उष्णता आणि सेकंदाला ९ किलो पाणी लागेल. पाणी १०० अंशांचेच असेल तर कार्यक्षमता सहा टक्क्यांच्या घरात येते, वापरता येणारा तापमानफरक ४० अंशांवर उतरतो आणि प्रवाह सेकंदाला ३० किलोच्या जवळ न्यावा लागतो. तो फिरवणाऱ्या पंपांचीच वीज मग उत्पन्नातील मोठा वाटा खाते. त्यातही मे महिन्याच्या दुपारी, हवा ३८ अंशांच्या पुढे असताना, वाफ पुन्हा द्रवरूप करणारी यंत्रणा मंदावते आणि नेमके शीतकरणाला सर्वाधिक वीज लागते त्याच वेळी उत्पादन घटते.

भूकंपाचा मुद्दा आपल्याकडे तळटीप म्हणून चालणार नाही. कोयनेचे धरण कोल्हापुरापासून सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आत आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा तो ६.३ तीव्रतेचा भूकंप जलाशयातील पाण्याच्या दाबाशी जोडला जातो. खडकात दाबाने पाणी सोडण्याचे परिणाम इतरत्रही दिसले आहेत: स्वित्झर्लंडमधील बाझल येथे २००६ मध्ये ३.४ तीव्रतेचा धक्का बसल्यावर काम थांबवले गेले आणि पुढे प्रकल्पच रद्द झाला. दक्षिण कोरियातील पोहांग येथे नोव्हेंबर २०१७ मध्ये सुमारे ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला व सरकारने नेमलेल्या संशोधकांनी त्याचा संबंध भूऔष्णिक प्रकल्पाशी जोडला. म्हणून कोणी भेगा उघडण्याच्या तंत्राचा प्रस्ताव आणला, तर सूक्ष्म धक्के मोजण्याचे जाळे आणि ठरावीक तीव्रतेला काम आपोआप थांबवण्याची लेखी पद्धत यांशिवाय त्यावर चर्चाही करू नये.

प्रस्ताव आलाच, तर आणखी चार प्रश्न लेखी विचारावेत. तापमानाचा आकडा प्रत्यक्ष विहिरीत मोजलेला आहे की नकाशावरून काढलेला? जाहीर केलेली क्षमता एकूण आहे की पंप वजा जाता उरणारी? दर वर्षी पाण्याचे तापमान किती उतरेल असे गृहीत धरले आहे? आणि फिरवलेल्या पाण्यापैकी किती खडकात मुरून जाईल, व ते भरून काढायला कोणते पाणी वापरणार? पंचगंगेच्या पाण्यासाठी शेती, शहर आणि कारखाने आधीच रांगेत आहेत.

विजेऐवजी उष्णता

घाटाखाली चित्र थोडे वेगळे आहे. राजापूरपासून पालघरपर्यंत कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यांची एक पट्टी आहे. तुरळचे पाणी ६० अंशांच्या आसपास, तर दापोली तालुक्यातील उन्हवरेचे ७० अंशांच्या आसपास असते. या पाण्यापासून वीज काढण्यापेक्षा थेट शीतकरण अधिक शहाणपणाचे ठरेल. लिथियम ब्रोमाइड वापरणारा शोषण चिलर, म्हणजे मुख्यतः विजेऐवजी उष्णतेवर पाणी थंड करणारे यंत्र, ८० ते ९५ अंशांच्या पाण्यावर चालतो आणि उष्णतेच्या सुमारे ७० टक्के इतका थंडावा देतो. २०० किलोवॉट सर्व्हरांची उष्णता काढायला त्याला साधारण २८५ किलोवॉट उष्णता पुरते. झऱ्याचे पाणी त्याला थोडे कमी पडते, पण तेथे माफक खोलीच्या विहिरीत ते तापमान सापडणे अशक्य नाही. मात्र गरम पाणी अणुस्कुरा घाट चढवून कोल्हापुरात आणता येत नाही, तेव्हा हा पर्याय कोकणात जागा असलेल्या संस्थेनेच तपासावा.

कोल्हापुरात शंभर मीटरच्या बोअरमध्ये नळ्या सोडून खोली थंड करण्याची योजनाही सुचवली जाते. येथील जमिनीचे तापमान वर्षभर हवेच्या सरासरीइतके, २५-२६ अंशांच्या आसपास राहते, आणि बेसाल्ट उष्णता फारशी वाहून नेत नाही. थंड देशांत हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढली जाते, त्यामुळे हिशेब जुळतो; डेटा सेंटर बारा महिने उष्णता ओततच राहते आणि काही वर्षांत बोअरभोवतीचा खडक तापतो. कार्यालयाच्या दोन खोल्यांसाठी हे ठीक आहे. सर्व्हरांसाठी नाही.

साठवण वेळेनुसार लावावी

साठवणीच्या बाबतीत सर्वांत मोठा गोंधळ असा होतो की ‘किती बॅटरी?’ हा एकच प्रश्न विचारला जातो. खरा प्रश्न ‘किती वेळासाठी?’ हा आहे, आणि वेळ बदलली की साधनही बदलते.

पहिला थर सेकंदांचा आणि मिनिटांचा. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथे फौंड्र्यांच्या इंडक्शन भट्ट्या ज्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर) आहेत, तेथे व्होल्टेज क्षणभर दबणे आणि लहरी बिघडणे नेहमीचेच. म्हणून वीज सतत दुहेरी रूपांतरातून देणारा ऑनलाइन यूपीएस घ्यावा, आणि जागा निश्चित करण्यापूर्वी त्या फीडरची निदान एका आठवड्याची वीजगुणवत्ता मोजून घ्यावी. जनरेटर दहा-पंधरा सेकंदांत सुरू होतो, तरी तो पहिल्या प्रयत्नात सुरू झाला नाही तर हाताशी वेळ असावा, यासाठी पंधरा मिनिटे धरावीत. ३०० किलोवॉटला ती ७५ युनिट होतात. यासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शिसे-आम्ल बॅटरीपेक्षा मला पसंत आहे. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य दर दहा अंश जादा तापमानाला जवळपास निम्मे होते, आणि तिच्या खोलीला वातानुकूलनाचा वेगळा खर्च लागतो. लिथियम बॅटरीची खोली मात्र सर्व्हरांपासून वेगळी, अग्निरोधक भिंतीपलीकडे आणि बाहेरून पोहोचता येईल अशी असावी.

याच थरात एक गोष्ट बहुधा विसरली जाते. यूपीएस सर्व्हर चालू ठेवतो, पण चिलर बंद पडून पुन्हा पूर्ण क्षमतेवर यायला काही मिनिटे घेतो, आणि तेवढ्यात खोली तापते. थंड पाण्याची टाकी हा त्यावरचा साधा उपाय आहे. पंधरा मिनिटांची उष्णता ५० युनिट होते. सहा अंशांच्या फरकाला एक घनमीटर पाणी ७ युनिट सामावते, तेव्हा ७ घनमीटरची टाकी आणि यूपीएसवर जोडलेला एक पंप पुरे.

दुसरा थर तासांचा, आणि येथेच खरी बचत आहे. महाराष्ट्रात औद्योगिक वीजदर आता वेळेनुसार बदलतात; उन्हाच्या तासांत सवलत आणि संध्याकाळनंतर अधिभार, अशी सध्याची दिशा आहे. आपल्या वर्गवारीचे नेमके दर नियामक आयोगाच्या ताज्या आदेशातूनच घ्यावेत. संध्याकाळी पाच ते मध्यरात्र हे सात तास पूर्णपणे बॅटरीवर काढायचे तर २,१०० युनिट लागतात. त्याऐवजी आधी पाण्याचा विचार करावा. सहा तासांची सर्व्हरउष्णता १,२०० युनिट आहे. आठ अंशांच्या फरकाला एक घनमीटर पाणी ९.३ युनिट धरते, आणि टाकीत थंड-गरम पाणी थोडे मिसळते हे जमेस धरून १५० घनमीटरची टाकी पुरते. ती दिवसा सौर विजेवर थंड करून ठेवली की संध्याकाळी चिलर बंद ठेवता येतो आणि सुमारे ३०० युनिट वीज वाचते. म्हणजे ती टाकी ३०० युनिटच्या बॅटरीचे काम करते, पेट घेत नाही, चार्जिंगच्या फेऱ्यांनी झिजत नाही, आणि ती बनवणारे कारागीर कोल्हापुरातच मिळतात. तरीही निविदांमध्ये ती क्वचित दिसते. बहुधा तिचा विक्रेता माहितीपत्रक घेऊन दारात येत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

उरलेल्या तासांसाठी बॅटरी घेताना कागदावरच्या क्षमतेवर जाऊ नये. केवळ सौर विजेवर रात्र काढायची म्हटले तर सतरा तासांचे ५,१०० युनिट हातात पडायला हवेत. बॅटरी ९० टक्केच रिकामी करायची आणि बाहेर पडताना पाचेक टक्के वाया जातात, हे धरून सुमारे ६,००० युनिटची, आणि शेवटच्या वर्षांत क्षमता ८० टक्क्यांवर येते म्हणून ७,५०० युनिटची बॅटरी विकत घ्यावी लागेल. इतके करूनही जुलैमध्ये आठवडाभर सूर्य दिसला नाही तर ती रिकामीच राहते. बॅटरीच्या आहारी जाणाऱ्यांनी हा हिशेब एकदा हाताने करून पाहावा. त्याचबरोबर यूपीएससाठी राखलेला चार्ज आणि दरबचतीसाठी वापरायचा चार्ज हे नियंत्रकातच वेगळे ठेवावेत, नाहीतर पैसे वाचवण्याच्या नादात रात्री नऊला वीज जाते तेव्हा बॅटरी तळाला असते.

तिसरा थर दिवसांचा, आणि कोल्हापुरात तो पुराने ठरतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये वीज उपकेंद्रांत पाणी शिरले आणि शिरोलीजवळ महामार्ग बरेच दिवस बंद राहिल्याने इंधनाचे टँकरही अडकले. तेव्हा जागा लाल पूररेषेच्या बाहेर असणे ही पहिली अट, आणि बॅटरी, ट्रान्सफॉर्मर, डिझेल टाकी यांपैकी काहीही तळघरात न ठेवणे ही दुसरी. पूर्ण भारावर जनरेटर तासाला ८० लिटरच्या थोडे पुढे डिझेल घेतो, सहा दिवसांना १२,००० लिटर होतात. पहिल्या रकान्यातील भार १०० किलोवॉटपर्यंत आवरता आला तर हेच ४,००० लिटरवर येते. २,५०० लिटरच्या वर डिझेल साठवायला परवाना लागतो, त्याची प्रक्रिया पावसाळ्याच्या पुष्कळ आधी सुरू करावी.

ऋतूंचा थर आपण स्वतः उभारू शकत नाही, पण खरेदी करू शकतो. पावसाळ्यात सौर वीज घटते तेव्हा सह्याद्रीच्या पठारांवरील पवनचक्क्या जोरात असतात, आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांची सहवीजनिर्मिती चोवीस तास चालते. २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी १०० किलोवॉट मागणीच्या ग्राहकालाही अशी वीज थेट घेण्याची वाट मोकळी केली आहे. उदंचन जलविद्युत, म्हणजे जादा विजेवर पाणी वरच्या जलाशयात चढवून गरजेच्या वेळी खाली सोडून वीज काढणे, हा मोठ्या जाळ्याचा विषय. भुदरगड तालुक्यातील पाटगावजवळ सुमारे २,१०० मेगावॉटचा असा प्रस्ताव आहे, परंतु आपल्या आराखड्यात तो गृहीत धरू नये.

भूऔष्णिक विजेसाठी जागा कशी राखावी

भारताच्या जाळ्यात आज व्यापारी प्रमाणावर भूऔष्णिक वीज नाही. लडाखमधील पुगा येथे ओएनजीसीचा एक मेगावॉटचा प्रयोग २०२१ च्या करारापासून चालू आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय भूऔष्णिक धोरण जाहीर केले आहे. ही वीज आली तर ती दिवसरात्र सारखी येईल, म्हणजे आपल्या भाराशी तंतोतंत जुळेल, आणि तासांच्या थरातील बॅटरी बरीचशी निरुपयोगी होईल. म्हणून ती बॅटरी एकदम न घेता टप्प्याटप्प्याने घ्यावी आणि सौर-पवन विजेचे सर्व करार एकाच वर्षी संपतील असे न ठेवता पुढेमागे संपतील असे करावेत. मुक्त प्रवेशाचे मीटर व संरक्षण यंत्रणा आरंभीच पूर्ण ३०० किलोवॉटसाठी बसवावी. मिनिटांचा थर, पाण्याची टाकी आणि पुराची तयारी यांना मात्र कोणत्याही नव्या विजेने हात लागत नाही. पैसा कमी असेल तर तो आधी येथे घालावा.

ताबा घेण्यापूर्वीची चाचणी मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास घ्यावी. सर्व्हरांच्या जागी तेवढीच उष्णता देणारा कृत्रिम भार लावून महावितरणची वीज मुख्य स्विचवरूनच तोडावी, पहिला जनरेटर मुद्दाम सुरू होऊ देऊ नये, आणि खोलीतील सर्व्हरांच्या तोंडाशी हवा २७ अंशांच्या आत किती मिनिटे राहते ते घड्याळ लावून लिहावे. जमीन त्या दिवसांत सर्वांत कोरडी असल्यामुळे अर्थिंगचा रोधही त्याच दिवशी मोजावा. ऑगस्टमध्ये घेतलेले वाचन ठेकेदाराच्या सोयीचे असते. दोन्ही आकडे ताबापत्रावर सहीसह आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.